स्वस्त भीतीचें मोल

भरतमुनींनीं नाट्यांतील आठ रस सांगतांना शृंगार, वीर, करुण यांच्या पंक्तीसच भयानक व बीभत्स यांचेहि पाट मांडले. पंक्तिभेद केला तो पुढच्या रसिकांनीं. शृंगारावर ग्रंथ झाले, वीराला पोवाडा मिळाला, करुणाला नाटक मिळालें, आणि हास्याला तर मराठींत उघड मानपान मिळाला. भयानक आणि बीभत्स हे दोघे मात्र अनाहूत पाहुण्यांप्रमाणें दाराशींच बसून राहिले. त्यांना पानावरून कोणी उठविलें नाहीं, पण आग्रह करून वाढलेंहि नाहीं.

सुशिक्षित घरांतून आजहि हाच प्रकार चालतो. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गाच्या अंगानें वाढलेल्या मनीषनगरासारख्या नोकरदारांच्या वसाहतींत कोणत्याहि दिवाणखान्यांत चित्रपटांची गोष्ट काढून पाहावी. सत्यजित राय यांचें नांव निघालें कीं बोलणारा सरसावून बसतो, व्ही. शांताराम यांचें निघालें कीं वडील मंडळी आठवणी सांगूं लागतात. परंतु एखाद्यानें 'पुराना मंदिर' किंवा 'वीराना' हीं नांवें काढलीं, तर प्रथम सर्वजण हसतात. मग हळूच एकेकजण कबूल करतो कीं, आपणहि तो पाहिला आहे, एकदां नव्हे तर दोनतीनदां पाहिला आहे, आणि त्या रात्रीं न्हाणीघराकडे जातांना वाटेवरचे सगळे दिवे लावले होते. हें हसणें आणि ही कबुली यांचा मेळ कसा बसतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. थोडक्या पैशांत, जुन्या धाटणीनें काढलेले रक्ताचे आणि भयाचे चित्रपट चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना कां आवडतात?

या चित्रपटांच्या एका शाखेस पाश्चात्य देशांत 'स्लॅशर' म्हणतात; आपण 'सुरामारीचा चित्रपट' म्हणूं. त्याचा सांचा ठरलेला असतो. एकाकी जागा, चारसहा तरुण मंडळी, मुखवट्याआड तोंड लपविलेला मारेकरी, त्याच्या हातीं सुरा. मंडळींतील एकेकजण नाहींसा होतो, आणि अखेरीस एकटी मुलगी त्याच्याशीं झुंजून जिवंत राहते. या परंपरेचें मूळ बहुधा आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'पर्यंत नेतात. जगप्रसिद्ध झालेल्या या दिग्दर्शकानें तो चित्रपट मुद्दाम काटकसरीनें, कृष्णधवल फितीवर, आपल्या टेलिव्हिजन मालिकेवरील कामगारांना हाताशीं धरून काढला, आणि न्हाणीघरांतील त्या सुप्रसिद्ध प्रसंगांत रक्त म्हणून चॉकोलेटचा पाक वापरला. पुढें टोब हूपरचा 'टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' (१९७४) आला, आणि जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'नें (१९७८) सांचा पक्का केला. 'हॅलोविन'ला खर्च आला सुमारें सव्वातीन लाख डॉलर. हॉलीवूडच्या हिशेबांत ही चिल्लर होय. मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' मालिकेंतील कॅप्टन कर्कचा बाजारी रबरी चेहरा. त्यावर पांढरा रंग फांसला होता. कथा शरदऋतूंतली आणि चित्रण वसंतांतलें, म्हणून गळलेलीं पानें रंगवून तयार करावयाचीं, रस्त्यावर पसरावयाचीं, आणि दृश्य संपतांच गोळा करून पुढच्या दृश्यासाठीं जपून ठेवावयाचीं, असा प्रकार चाले. पार्श्वसंगीत कार्पेंटरनें स्वतःच रचलें. या यशानंतर 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०), 'ए नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) आणि त्यांचीं असंख्य भावंडें जन्मास आलीं.

असें दारिद्र्य जेथें पडद्यावर उघड दिसतें, तेथें प्रेक्षक भितो कसा? आणि भ्याल्यावर पुन्हां तिकीट काढून कां जातो? आमचें उत्तर असें आहे कीं, तें दारिद्र्य दिसतें म्हणूनच जातो. जिची शिवण दिसते ती भीति चारचौघांत बसून अंगावर घेतां येते. जिची शिवण दिसत नाहीं ती भीति माणसाला एकटें पाडते. हें विधान आपल्याच इतिहासाच्या आधारें तपासून पाहूं.

हा शौक विलायतेहून आला, अशी कोणाची समजूत असल्यास ती प्रथम दूर केली पाहिजे. महाभारतांतील सौप्तिकपर्व उघडून पाहावें. वडावर निजलेल्या कावळ्यांना एक घुबड रात्रींच्या अंधारांत मारीत आहे, हें पाहून अश्वत्थाम्याला कल्पना सुचते. तो अपरात्रीं शत्रूच्या शिबिरांत शिरतो. धृष्टद्युम्नाला शस्त्राचें मरणहि न देतां लाथांनीं तुडवून मारतो. द्रौपदीचे पांच पुत्र त्याच्या हातून मरतात. जे जीव घेऊन पळूं पाहतात त्यांच्यासाठीं दारावर कृपाचार्य आणि कृतवर्मा उभे असतात. एकाकी रात्र, बेसावध माणसें, एकामागून एक वध आणि बंद झालेल्या वाटा! सुरामारीच्या कोणत्याहि चित्रपटाला या रचनेंत फारशी भर घालतां आलेली नाहीं. तोच अश्वत्थामा कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत अजून हिंडतो, ही कथा तर मराठी मुलांनीं आजीच्या कुशींत शिरून ऐकलेली आहे. संस्कृत नाट्यशास्त्रानें मात्र एक बंधन घातलें. युद्ध, वध, मृत्यु हे प्रसंग रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नयेत, सूचित करावे, असा दंडक पडला. ऐकण्यास मुभा होती, पाहण्यास मनाई होती.

मराठी रंगभूमीनें ही मनाई फारशी मनावर घेतली नाहीं. १८४३ सालीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें आणि तेथून आपल्या नाटकाचा इतिहास सुरू होतो. त्या काळच्या नाटकांत पदें सूत्रधारानें म्हणावयाचीं आणि पात्रांनीं भाषणें बहुधा आयत्या वेळीं जुळवावयाचीं, अशी रीत होती. सामग्री बेताची असे. अशा बेताच्या सामग्रींत राक्षस कसा उभा करावयाचा? तोंडाला भडक रंग, हातांत नागवी तरवार, मशालीवर राळेची भुकटी फेंकून उठविलेला जाळ, आणि त्या जाळाच्या व धुराच्या आडून येणारी प्रचंड आरोळी! या आरोळीवरूनच पुढच्या पिढीच्या सुशिक्षितांनीं त्या सबंध नाट्यप्रकारास 'अललडुर्र' हें नांव ठेवून दिलें. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें 'थोरले माधवराव पेशवे' आलें, १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' आलें, आणि राळेचा जाळ उडविणारीं नाटकें ही थट्टेची वस्तु होऊन बसली.

मनीषनगरांतील दिवाणखान्यांत 'पुराना मंदिर'चें नांव निघतांच जें हसूं उमटतें, त्याचे पूर्वज हे येथें आहेत. 'अललडुर्र'ला हसणारी मंडळी खोटें हसत होतीं असें नव्हे. राळ उडे ती सर्वांना दिसे. ती फेंकणारा हातहि दिसे. राक्षसाच्या तोंडावरचा रंग घामानें ओघळलेला दिसे. परंतु प्रेक्षकांतील मूल तरीहि आईच्या पदराआड तोंड लपवी, आणि पुन्हां एका डोळ्यानें बाहेर पाही. राक्षस खोटा आहे हें त्या मुलाला ठाऊक नसेल असें मानण्याचें कारण नाहीं. त्याला त्याहून मोठी एक गोष्ट ठाऊक होती, ती ही कीं पदर जवळ आहे. भीति आणि पदर या दोन वस्तु एकाच वेळीं हातीं असणें, यांतच त्या खेळाची सारी गोडी होती. टीकाकारांनीं भीतीची किंमत केली. पदराची केली नाहीं.

ज्यांना नाटकाचा इतिहास फार दूरचा वाटतो, त्यांनीं नागपूरचीच मारबत पाहावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, शहराच्या जुन्या भागांतून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असें सांगतात. बांबू, कागद आणि रंग यांच्या या अक्राळविक्राळ स्त्रीमूर्ति. काळ्या मारबतीचा संबंध भोसल्यांच्या घराण्यांतील बांकाबाईशीं जोडतात. इंग्रजांशीं तिनें केलेल्या हातमिळवणीचा राग लोकांनीं या रूपानें धरून ठेवला, अशी परंपरा आहे. त्यांच्याबरोबर बडगे असतात, आणि त्या त्या वर्षींच्या संकटांचीं व दुष्कृत्यांचीं नांवें त्यांना मिळतात. रोगराई घेऊन जा, पीडा घेऊन जा, असा मारबतीच्या नांवानें पुकारा होतो. बापाच्या खांद्यावर बसलेलीं मुलें तिच्या चेहऱ्याकडे पाहून दचकतात आणि तिथेंच थांबा म्हणून हट्टहि धरतात. शेवटीं ती जाळून टाकतात आणि लोक घरोघर जातात.

या मिरवणुकींत आम्हांस भयपटाची सबंध रचना दिसते. मनांत जी भीति निराकार असते तिला प्रथम एक अंग द्यावयाचें, तेंहि कागदाचें, मग तें अंग सर्वांच्या देखत गांवांतून फिरवावयाचें, मोठ्यानें ओरडावयाचें, आणि अखेरीस तें नष्ट झालेलें डोळ्यांनीं पाहावयाचें. कागद हा कागदासारखा दिसला पाहिजे, ही यांतली मुख्य अट आहे. मारबत जर खऱ्या बाईसारखी हुबेहूब केली, तर ती जाळणें हा उत्सव राहणार नाहीं.

ही अट मोडली तर काय होतें, याचा धडा आपल्या चित्रपटाला त्याच्या बाल्यावस्थेंतच मिळाला. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्याच कारखान्यांत खटपट करून जुळविलेल्या कॅमेऱ्यानें १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट पुरा केला. साधनें गरिबीचीं होतीं. परंतु पेंटर हे जातिवंत चित्रकार. भीम कीचकाला ठार मारतो तो प्रसंग त्यांनीं इतका हुबेहूब वठविला कीं प्रेक्षक हादरून गेले, आणि परीक्षकांनीं तो प्रसंग कापावयास लावला. कीचकाच्या नशिबीं सरकारी कात्री दोनदां आली, हा योगायोग मोठा मजेदार आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ सालच्या 'कीचकवध' नाटकांतील कीचक लॉर्ड कर्झनसारखा दिसूं लागला म्हणून १९१० सालीं तें नाटक बंद झालें. पेंटरांच्या चित्रपटांतील कीचक मेलेल्या माणसासारखा दिसूं लागला म्हणून त्याचा वध कापला गेला. दोहोंकडे तक्रार एकच होती: खेळ खेळासारखा राहिला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर 'अललडुर्र'चा वारसा ज्यांनीं खऱ्या अर्थानें चालविला ते मराठी नव्हते. फाळणीनंतर मुंबईस आलेले सिंधी होते. फत्तेचंद रामसिंघानी यांचें कराचीस रेडिओचें दुकान होतें. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला आडनांव जड जाई, म्हणून त्याचें 'रामसे' झालें. मुंबईस आल्यावर दुकानाबरोबर ते चित्रपटहि काढूं लागले. १९७० सालचा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. परंतु त्यांतल्या एका प्रसंगाला, पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करावयास निघतात त्या प्रसंगाला, प्रेक्षक ओरडून दाद देतात, हें फत्तेचंदांच्या मुलांनीं चित्रगृहांत बसून हेरलें. सबंध चित्रपट पडला असतां जेवढा तुकडा उभा राहिला, तेवढ्याचाच पुढें सबंध चित्रपट करावा, असा त्यांनीं निश्चय केला. व्यापारी घराण्यांतल्या मुलांना शोभेल असाच हा निश्चय होता.

१९७२ सालीं 'दो गज जमीन के नीचे' आला. त्याचें चित्रण महाबळेश्वरास झालें. सारें कुटुंबच तेथें मुक्कामाला गेलें. सात भावांनीं कामें वांटून घेतलीं. कुमार कथा पाही, गंगू कॅमेरा धरी, किरण ध्वनि सांभाळी, अर्जुन संकलन करी, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत. केशूहि या कारखान्यांतच होता. घरच्या स्त्रियांकडे मंडळींच्या जेवणाची व्यवस्था असे. विष्णुदासांच्या काळीं नाटकमंडळी जशी एका बिऱ्हाडानें गांवोगांव हिंडे, तशीच ही मंडळी होती. नामांकित नटनट्या नाहींत, भव्य देखावे नाहींत. म्हणून चित्रपट स्वस्त पडे आणि वितरकाचाहि धोका कमी असे. चित्रपटाच्या व्यापारांत विदर्भाकडील मुलुखाला 'सी. पी. बेरार' म्हणतात, मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० सालीं गेला, पण वितरकांच्या वह्यांतून त्याचें नांव गेलें नाहीं. अशा मुलुखांतील तालुक्याच्या गांवीं आणि शहरांतील एकपडदा चित्रगृहांतून मोठ्या नटांच्या चित्रपटांना न परवडणाऱ्या वेळाहि रामसे बंधूंना परवडत. नागपूरकरांच्या तोंडीं असलेलीं लिबर्टी, पंचशील, अलंकार, जानकी हीं नांवें अशा एकपडदा चित्रगृहांच्या युगाचीं आहेत.

१९८४ सालचा 'पुराना मंदिर' हा या घराण्याचा सर्वांत गाजलेला चित्रपट. सामरी नांवाचा एक नरराक्षस. राजानें त्याचें मुंडकें धडावेगळें करून दोन्ही निरनिराळ्या जागीं ठेवलेलीं. आणि त्या घराण्यांतील स्त्री प्रसूतीच्या वेळीं मरेल असा त्याचा शाप. सामरीची भूमिका अनिरुद्ध अगरवाल यांनीं केली. ते शिक्षणानें अभियंते; उंची आणि चेहऱ्याची ठेवण हेंच त्यांचें रंगभूषेहून मोठें भांडवल होतें. या भयकथेच्या मध्येंच 'शोले'च्या विडंबनाचा एक उपकथाभाग येतो आणि त्यांत जगदीप धमाल उडवितात. गाणींहि आहेत. टीकाकारांनीं हें सगळें दोषांच्या यादींत घातलें. परंतु ज्यानें अललडुर्र नाटकाची रचना पाहिली आहे, त्याला यांत विदूषक आणि सूत्रधार ओळखूं येतील. भीति फार वेळ ताणली तर तुटते. म्हणून राक्षसानंतर विदूषक यावयाचा, प्रेक्षकांनीं घाम पुसावयाचा, आणि मग पुन्हां राक्षस यावयाचा. सुरामारीच्या अमेरिकन चित्रपटांत हें काम प्रेक्षकांनाच करावें लागे. मारेकरी कपाटाआड उभा आहे हें पडद्यावरील मुलीला ठाऊक नसे, चित्रगृहांतील सर्वांना ठाऊक असे. आणि तिला सावध करण्यासाठीं सारें चित्रगृह एका आवाजांत ओरडे. हें ओरडणें हा त्या चित्रपटाचा अर्धा भाग होय. तो अर्धा भाग फितीवर नसतो, आणि म्हणून त्यास खर्चहि येत नाहीं.

येथें एका आक्षेपास उत्तर दिलेंच पाहिजे. या चित्रपटांत मरणाऱ्यांमध्यें तरुण स्त्रियांचा भरणा असतो, आणि मरण्यापूर्वीं त्यांचें देहप्रदर्शन होतें. आक्षेप खरा आहे. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीनें १९८७ सालीं एका निबंधांत, आणि पुढें १९९२ सालच्या आपल्या ग्रंथांत, त्याला वेगळी बाजू दाखविली. प्रेक्षकांतील तरुण पुरुष मारेकऱ्याच्या बाजूनें असतात असें सर्व धरून चालले होते. परंतु शेवटपर्यंत टिकून राहणारी ती एकटी मुलगी हीच त्यांच्या जिवाची पात्र होते, तिच्या डोळ्यांनीं ते भितात आणि तिच्या हातांनीं लढतात, असें क्लोव्हरबाईंनीं दाखवून दिलें. आपल्याकडील चित्रपटांच्या वतीनें मात्र एवढेंहि म्हणतां येणार नाहीं. रामसे बंधूंची नायिका बहुधा स्वतः लढत नाहीं. तिला नायक सोडवितो किंवा त्रिशूळ सोडवितो. या बाबतींत सैरंध्रीची मूळ कथाच अधिक पुढारलेली आहे. तेथें निदान कीचकाच्या वधाचा आग्रह तरी द्रौपदीनें धरलेला असतो. ज्याला हे चित्रपट आवडतात त्यानें त्यांतला हा उणेपणा झांकूं नये.

आतां दुसऱ्या भीतीकडे वळूं, जिला शिवण नसते. पुणें शहरांत जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षांत दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नांवानें हें प्रकरण ओळखतात. मारेकरी त्याच शहरांत शिकणारे तरुण होते. सुरक्षित मानलेल्या शांत वस्तींतील घरांत शिरून त्यांनीं कुटुंबेंच्या कुटुंबें नाहींशीं केलीं. दिवस मावळतांच पुण्याचीं दारें बंद होऊं लागलीं. ओळखीच्या माणसालाहि दार उघडण्यापूर्वीं लोक नांव विचारूं लागले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी झाली. एकाकी घर, रात्र, एकामागून एक वध, तरुण मंडळी: पाहूं गेल्यास सांच्यांतला प्रत्येक घटक येथें आहे. 'हॅलोविन' तर यानंतर दुसऱ्याच वर्षीं आला. परंतु पुण्याच्या त्या दिवसांत भीतीची गोडी कोणी घेतली नाहीं, घेणें शक्यच नव्हतें. मारबतीची भीति माणसांना रस्त्यावर आणते. या भीतीनें त्यांना घरांत कोंडलें, आणि शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडलें.

या प्रकरणावर १९८६ सालीं राजदत्त यांनीं 'माफीचा साक्षीदार' हा मराठी चित्रपट काढला. नाना पाटेकर यांनीं त्यांत मुख्य गुन्हेगार उभा केला. खर्चाच्या मानानें तोहि काहीं श्रीमंती चित्रपट नव्हे. पण दिवाणखान्यांत त्याचें नांव निघालें तर कोणी हसत नाहीं. ज्यांनीं तो पाहिला ते गप्प होतात, आणि दुसऱ्यांदा पाहिल्याचें क्वचितच कोणी सांगतो. म्हणजे प्रश्न नुसत्या रक्ताचा नाहीं, आणि नुसत्या पैशाचाहि नाहीं. 'पुराना मंदिर'मध्यें मरणारा माणूस पुन्हां उठून घरीं जेवायला जाणार आहे हें आपल्याला दिसत असतें. दुसऱ्या चित्रपटांत मरणारा माणूस कोणत्या तरी रस्त्यावर खरोखर राहत होता. रामसे बंधूंना हसणारा मराठी प्रेक्षक हा भेद नेमका जाणतो. त्याचें तें हसणें तुच्छतेचें नसून सुटकेचें आहे, असें आम्हांस वाटतें.

मराठी चित्रपटानेंहि पुढें हा भेद ओळखून त्याचा उपयोग केला. १९९३ सालीं महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. १९८८ सालच्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली कल्पना: मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यांत शिरतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, तात्या विंचू दिलीप प्रभावळकर यांचा, आणि त्या दोघांच्या तावडींत सांपडलेले लक्ष्मीकांत बेर्डे. येथें राक्षस आणि विदूषक वेगळाले न येतां एकाच लांकडी चेहऱ्यांत आले. त्या पिढीचीं मुलें अंथरुणांतून बाहुली बाहेर ठेवूं लागलीं आणि दिवसा त्याच तात्या विंचूची नक्कल करून घरांतल्यांना हसवूं लागलीं. ज्या घरांत रामसे बंधूंचें नांव दबक्या आवाजांत निघे, त्या घरांत 'झपाटलेला' मात्र वडीलधाऱ्यांसह पाहिला गेला, याचें कारण एवढेंच कीं त्यांतलें हसणें चित्रपटानें स्वतःच करून ठेवलें होतें.

याच १९९३ सालीं रामसे बंधूंची 'झी हॉरर शो' ही मालिका टेलिव्हिजनवर सुरू झाली आणि भीति घरांत आली. घरांत आली तरी ती घरच्यांसह आली. एकच पडदा, एकच गादी, आणि मधल्या जाहिरातींत कोणी पाणी आणावयाचें यावरून भांडण. तुलसी रामसे २०१८ सालीं आणि श्याम रामसे २०१९ सालीं वारले. २०१८ सालींच नारायण धारप यांच्या कथेचा आधार घेतलेला 'तुंबाड' आला आणि भयानक रसाला सुशिक्षितांच्या पंक्तींत प्रथमच मानाचा पाट मिळाला. ही आनंदाची गोष्ट आहे. आज संगणकाच्या साह्यानें काढलेलें रक्त रक्तासारखें दिसतें, जखम जखमेसारखी दिसते. मात्र याच काळांत पाहण्याची रीत बदलली. एका घराच्या तीन खोल्यांत तीन माणसें तीन फोनवर, कानांत बोंडें घालून, तीन निराळीं भयें पाहत असतात. ओरडावयाचें तर कोणासाठीं? एकाची किंकाळी दुसऱ्याला ऐकूं जात नाहीं. शिवण झांकली गेली आणि पदरहि दूर गेला. पुण्यानें जी भीति नाइलाजानें सोसली होती, तिच्यासारखें कांहींतरी आपण आतां हौसेनें, पैसे भरून, एकेकट्यानें घरांत आणीत आहों काय, हा प्रश्न आईबापांनीं स्वतःला विचारण्यासारखा आहे.

जुन्या स्वस्त भयपटांना कलेच्या उत्तम कोटींत बसवावें, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतले बहुसंख्य कंटाळवाणे आहेत, कित्येक अभिरुचीला सोडून आहेत, आणि स्त्रियांच्या बाबतींत त्यांची दृष्टि सदोष आहे, हें वर सांगितलेंच आहे. परंतु राळेचा जाळ, कागदाची मारबत, रंग फांसलेला मुखवटा आणि लांकडी बाहुला यांनीं आपल्या समाजाचें एक काम पिढ्यान्‌पिढ्या केलें आहे. भिणें ही लाजेची गोष्ट नव्हे, आणि भ्याल्यावर शेजारच्याचा हात धरतां येतो, हें त्यांनीं मुलांना शिकविलें. उपदेशानें हें शिकवितां येत नाहीं. तेव्हां घरांत कोणी मूल 'पुराना मंदिर' पाहूं म्हणून मागें लागलें, तर आधीं तो चित्रपट स्वतः पाहून, मूल जाणतें झालें आहे कीं नाहीं तें ठरवावें; आणि होकार द्यावयाचा झाल्यास त्याच्या हातीं फोन देऊन मोकळें होऊं नये. मोठ्या पडद्यावर लावावा, दिवा मालवावा, आणि सर्वांनीं एका सतरंजीवर बसावें.